तीन खुर्च्या कोणाच्या?

(रिठद येथे आदिवासी दिनाच्या बैठकीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्या एका तरुण कार्यकर्तीने केलेलं भाषण. निंदणीच्या दिवसांमुळे बऱ्याच जणांना येता आलं नाही, म्हणून जसं बोललं तसं छापत आहोत. गावात एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

कोणी पहाटेची एसटी धरून आलं, कोणी चिखल तुडवत आलं. आजची मजुरी बुडवून आलात. म्हणून मी वेळ वाया घालवणार नाही.

मी बारावी शिकलेली. मोठी भाषणं मला येत नाहीत. जे मला स्वतःला समजून घ्यायला दोन वर्षं लागली, ते तुम्हाला अर्ध्या तासात सांगायचा प्रयत्न करते. चुकलं तर मधेच थांबवा.

माझा विषय आहे जिल्हा परिषद. मघाशी एका काकांनी मला विचारलं, "पोरी, जिल्हा परिषद म्हणजे शाळा अन् दवाखाना. आपला झगडा जमिनीचा हाय. तिचा अन् आपल्या जमिनीचा काय संबंध?" काका, प्रश्न बरोबर आहे. मीसुद्धा हेच समजत होते. सातबारा तलाठ्याकडे, जंगल वनखात्याकडे, जिल्हा परिषदेकडे फार तर शाळेचे पत्रे अन् हातपंप. पण तसं नाही. आपल्या वनजमिनीच्या दाव्यावर शेवटची सही जिथं होते, त्या टेबलाभोवती सहा खुर्च्या आहेत. त्यातल्या तीन खुर्च्या जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या आहेत. आज मला फक्त या तीन खुर्च्यांबद्दल बोलायचं आहे.

पण आधी जिल्हा परिषद म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

आपल्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक पुढे मुख्यमंत्री झाले. त्याच्या आधी १९६० मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं एक समिती नेमली होती. कारभार मुंबईतून न चालता जिल्ह्यातून, लोकांनी निवडलेल्या माणसांकडून कसा चालेल, हे तिनं सांगायचं होतं. त्यावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेव्हा आपण अकोला जिल्ह्यात होतो. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा वेगळा झाला आणि आपली जिल्हा परिषद वेगळी झाली.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा असे आपले सहा तालुके. सगळ्या जिल्ह्याचे ५२ तुकडे केले आहेत, त्याला गट म्हणतात. एका गटातून एक सदस्य जिल्हा परिषदेवर जातो. प्रत्येक गटाचे परत दोन भाग, त्याला गण म्हणतात. म्हणजे गण झाले १०४. गणातून निवडून येतो तो पंचायत समितीचा सदस्य. म्हणून निवडणुकीच्या दिवशी आपण दोन मतं देतो, एक गटाचं अन् एक गणाचं. आपले लोक गटाच्या मताला लई महत्त्व देतात, अन् गणाचं मत शेजारचा सांगेल तिकडं देऊन मोकळे होतात. ही चूक कशी आहे ते पुढे सांगते.

हे ५२ जण आपल्यातून अध्यक्ष अन् उपाध्यक्ष निवडतात. समित्या असतात, त्यांचे सभापती असतात. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशी कामं वाटून घेतात. तीन महिन्यांतून एकदा तरी सगळ्यांची सभा घ्यावी लागते. या सभेत सदस्य उभा राहून अधिकाऱ्याला प्रश्न विचारू शकतो, आणि अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. दुसरीकडे अधिकाऱ्यांची रांग असते. सगळ्यात वर मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्यात गटविकास अधिकारी, गावात ग्रामसेवक. एक रांग आपण निवडलेली, दुसरी सरकारनं पाठवलेली. दोन्ही असल्या तर गाडी दोन बैलांवर चालते.

आता आपल्या जमिनीकडे येते.

वनहक्काचा कायदा २००६ चा. त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला आले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो, त्याला ४ हेक्टरपर्यंतचा हक्क मिळू शकतो. नवरा-बायको दोघांच्या नावानं पट्टा मिळतो, हे बायांनी ध्यानात ठेवावं. आपल्यासोबत जंगलाच्या कडेला राहणारे जे आदिवासी यादीत नाहीत, तेही दावा करू शकतात, पण त्यांना तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वहिवाट दाखवावी लागते.

दाव्याची वाट अशी. पहिली पायरी ग्रामसभा आणि तिची वनहक्क समिती. दुसरी पायरी उपविभागीय समिती. तिसरी पायरी जिल्हास्तरीय समिती, आणि तिचा निर्णय शेवटचा.

या जिल्हास्तरीय समितीत कोण असतं? मोजा माझ्यासोबत. जिल्हाधिकारी, एक. वनखात्याचे जिल्ह्याचे अधिकारी, दोन. आदिवासी विकास खात्याचे अधिकारी, तीन. आणि उरलेले तीन जिल्हा परिषदेचे सदस्य, ज्यांची नावं जिल्हा परिषद ठरवून देते. सहापैकी तीन, म्हणजे अर्धी समिती आपण निवडलेली. नियमात पुढे असंही लिहिलं आहे, की या तिघांपैकी निदान दोन आदिवासी पाहिजेत आणि एक बाई पाहिजे.

उपविभागीय समितीचंही असंच. तिथं प्रांतसाहेब, वनअधिकारी, आदिवासी खात्याचा अधिकारी आणि पंचायत समितीचे तीन सदस्य. त्यांचीही नावं जिल्हा परिषदच देते, त्यातही दोन आदिवासी पाहिजेत. म्हणून मघाशी म्हटलं, गणाचं मत वाया घालवू नका. गणातून गेलेला माणूस आपल्या दाव्याच्या दुसऱ्या पायरीवर बसू शकतो.

आता थोडा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती. त्यात आदिवासी ८० हजारांच्या आसपास. म्हणजे शंभरात सहा-सात. राखीव जागा लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात, तर ५२ ला तीन-चार जागा येतात. कोणी म्हणेल, "५२ मध्ये तीन-चार म्हणजे काहीच नाही. मिठासारखे." मान्य. रस्त्याचा निधी वाटताना तीन-चार जणांना कोण विचारतं? पण वनहक्काच्या समितीत दोन आदिवासी सदस्य लागतातच. म्हणजे त्या तीन-चार जणांतले दोघं तिथं बसणार. राखीव जागेवर आपण ज्याला पाठवू, तो उद्या आपल्याच दाव्याचा कागद हातात घेऊन बसण्याची शक्यता अर्धी तरी आहे.

मग मला सांगा, मागच्या वेळी मत देताना आपल्यापैकी कोणी उमेदवाराला विचारलं का, "दादा, तुला वनहक्क कायदा येतो का?" मी तर नाही विचारलं. माझं पहिलंच मत होतं. बाबांनी सांगितलं तिकडं दिलं.

ती मागची निवडणूक ७ जानेवारी २०२० ला झाली. ५२ मध्ये बहुमताला २७ पाहिजेत. कोणालाच मिळाले नाहीत. राष्ट्रवादीला सगळ्यात जास्त, १२ जागा. बाकी जागा काँग्रेस, वंचित बहुजन आघाडी, भाजप, शिवसेना आणि आपल्या रिसोडकडची जनविकास आघाडी अशा वाटल्या गेल्या. सगळ्यात मोठ्या पक्षाकडेसुद्धा पाव हिस्सा जागा नव्हत्या. अध्यक्षपद राष्ट्रवादीला मिळालं, ते दुसऱ्यांच्या मदतीनं.

असं झालं की लोक म्हणतात खिचडी झाली. मी म्हणते, आपल्यासारख्या थोड्यांसाठी खिचडीच बरी. एकट्याचे ३५ सदस्य असले तर तो आपल्या तिघा-चौघांकडे बघणारसुद्धा नाही. पण २७ जुळवायला एकेक माणूस लागतो, तेव्हा तिघं-चौघं एक राहिले तर त्यांच्या शब्दाला वजन येतं. तेव्हा ते सांगू शकतात, "अध्यक्ष कोणाचा करायचा ते करा, पण वनहक्क समितीवरची नावं पहिल्याच सभेत द्या, आणि ती आम्हाला विचारून द्या." पण आपलेच लोक चार पक्षांच्या चार जीपमध्ये बसून गेले, तर हे कोण बोलणार?

दुसरी गोष्ट. ४ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सगळं आरक्षण मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये, असं कोर्टानं सांगितलं. ज्या जिल्ह्यांवरून तो खटला होता, त्यात आपला वाशिम होता. आपल्याकडच्या ओबीसींच्या १४ जागा रद्द झाल्या आणि तिथं ५ ऑक्टोबर २०२१ ला परत मतदान झालं. ओबीसी भावांचं दुःख आपण समजून घेतलं पाहिजे. त्यांच्या राखीव जागा कमी झाल्या म्हणून आपण टाळी वाजवायची नाही. आपल्याच गावातले कारागीर, मेंढपाळ, लहान शेतकरी त्यात आहेत. जंगलाच्या कडेला तेही राहतात, तेही दावे करतात. आरक्षणावरून आपल्यात भांडण लागलं की फायदा कोणाचा होतो, ते तुम्ही मला शिकवायला पाहिजे, मी तुम्हाला नाही.

आता आजची स्थिती. २०२० ला बसलेल्या सदस्यांची पाच वर्षं जानेवारी २०२५ मध्ये संपली. नवीन निवडणूक झाली नाही. तेव्हापासून जिल्हा परिषदेवर प्रशासक आहे. सदस्य नाही, अध्यक्ष नाही, सभापती नाही. पंचायत समितीतही तेच. दोन बैलांपैकी एक सोडलेला आहे. गाडी चालते, पण एकाच बाजूला ओढली जाते.

हे मला कसं कळलं ते सांगते. माझ्या आईचा दावा आहे, दोन एकरांचा. माझ्या आजीच्या हातानं फोडलेली जमीन आहे ती. ग्रामसभेनं दावा मंजूर केला, वर पाठवला. पुढे एक कागद आला, "पुरावे अपुरे". आई अन् मी कितीदा तरी चकरा मारल्या. एका चकरेला दोघींची मजुरी अन् गाडीभाडं जातं. शेवटच्या वेळी मी एका कार्यालयात विचारलं, "साहेब, समितीत लोकांचे जे तीन सदस्य असतात, ते कोण आहेत? आम्हाला त्यांना भेटायचं आहे." तिथला माणूस चांगला होता. आईला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पण म्हणाला, "ताई, सध्या बॉडीच नाही. कोणाचं नाव सांगू?"

आई बाहेर येऊन म्हणाली, "आपल्या बाजूनं बसणारं माणूसच नाही, तर कागद कोण पाहीन?"

मायबापहो, आईला कायदा येत नाही. पण कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिनं एका वाक्यात सांगितली. अधिकारी वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण त्या समितीत अर्ध्या खुर्च्या लोकांच्या ठेवल्या, त्या का ठेवल्या? कारण नकाशात जे दिसत नाही ते गावातल्या माणसाला माहीत असतं. कोणतं शेत कोणाच्या आज्यानं फोडलं, कुठं जुनी विहीर आहे, कुठं देवाचं ठाणं आहे. म्हणूनच तर नियमात गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा पुरावा धरला आहे. तो जबाब समजून घेणारं कोणी टेबलावर नसलं, तर तो नुसता कागद राहतो.

आता कोणी म्हणेल, "आपल्याकडे पेसा नाही का?" नाही. १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रात चालतो. शेजारच्या यवतमाळमध्ये, नांदेडमध्ये, अमरावतीत काही भाग त्यात आहेत. वाशिम जिल्हा त्यात नाही. तिथल्या पाहुण्याचं ऐकून आपल्या ग्रामसभेत पेसाचं कलम सांगाल तर ग्रामसेवक हसेल. पण वनहक्क कायदा मात्र आपल्यालाही पूर्ण लागू आहे. त्यात अनुसूचित क्षेत्राची अट नाही.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव तुम्ही ऐकलं असेल. २००९ मध्ये त्यांना १८०० हेक्टरच्या वर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा परवाना वनखातं देईना. गाव मागे हटलं नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रातले मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. मी हे का सांगते? तिथं मोठा पुढारी नव्हता. गाव सगळं मिळून बसत होतं, अभ्यास करत होतं, लिहून ठेवत होतं. वरच्या खुर्च्यांवर माणूस पाठवायचा तर खाली ग्रामसभा घट्ट पाहिजे. नाहीतर आपण पाठवलेला माणूसही तिथं जाऊन तिथलाच होतो.

आता काय करायचं? नुसतं भाषण करून मी जाणार नाही. पाच कामं सांगते.

पहिलं काम. मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं राज्यातल्या रखडलेल्या निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला आहे. निवडणूक आज ना उद्या लागणार. राखीव जागेवर उभं राहायला जातवैधता लागते. नुसता जातीचा दाखला पुरत नाही. आपल्यातली चांगली, शिकलेली पोरं अन् पोरी या एका कागदासाठी मागे राहतात, आणि ज्याच्याकडे कागद आहे तोच उभा राहतो, मग तो कोणाच्याही जीपमधला का असेना. वय २१ झालं असेल त्यांनी आजच कागद गोळा करायला लागा. आज्याचा शाळेचा दाखला, जुनी महसुली नोंद, जे सापडेल ते.

दुसरं काम, खास बहिणींसाठी. निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण बाई निवडून येते आणि सभेला तिचा नवरा बोलतो, हे आपण पाहिलं आहे. वनहक्क समितीतही एक बाई पाहिजे. तिथं नवऱ्याला बसता येत नाही. म्हणून अशी बाई निवडा जी स्वतः बोलेल. लिहिता-वाचता कमी आलं तरी चालेल, पण कोणाचं शेत कोणतं ते जिला ठाऊक आहे.

तिसरं काम. उमेदवार दारात आला की चहा पाजा, पण एक कागद पुढे ठेवा. त्यावर तीन ओळी. एक, निवडून आल्यावर पहिल्याच सभेत वनहक्क समितीवरची नावं द्यायची मागणी करीन. दोन, माझं नाव आलं तर समितीची एकही बैठक चुकवणार नाही. तीन, दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत येऊन किती दावे आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले अन् का, ते सांगीन. सही करायला सांगा. कोणत्याही पक्षाचा असो. जो सही करायला लाजेल, त्याला मत द्यायला आपण लाजायचं.

चौथं काम, निवडणुकीची वाट न पाहता. प्रत्येक गावानं ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारायचं: दोन्ही समित्यांत लोकांचे सदस्य आज कोण आहेत? नसतील तर आमच्या दाव्यांवर निर्णय कसा होतो आहे? पोच घ्यायची, ती फाईलला लावायची. प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

पाचवं काम सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी घरी रडत बसू नये. निर्णय कारणासह लेखी मिळाला पाहिजे. ग्रामसभेच्या निर्णयावर उपविभागीय समितीकडे आणि तिच्या निर्णयावर जिल्हा समितीकडे जायला ६० दिवस असतात. कागद हातात पडला ती तारीख त्याच्यावरच लिहून ठेवा. आणि दाव्याची पूर्ण चौकशी होईपर्यंत जमिनीवरून काढता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. ग्रामसभा घेताना निम्मे मतदार हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. ही संख्या भरली नाही तर ठराव वर गेल्यावर पडतो. म्हणून ग्रामसभेच्या दिवशी घरी कोणी थांबायचं नाही.

काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊन संपवते. जिल्हा परिषद आपल्याला जमीन देत नाही. ती ताकद तिच्यात नाही. पण जमीन द्यायची की नाही, हे जिथं ठरतं, तिथं बसायला ती आपला माणूस पाठवू शकते. आज त्या खुर्च्यांवर आपण पाठवलेलं कोणी नाही. उद्या त्या भरतील. कोण बसणार, ते वाशिमला ठरणार नाही. ते तुमच्या-माझ्या अंगणात, उमेदवार दारात येतो तेव्हा ठरणार.

आईचा दावा अजून तसाच आहे. यंदाही तिनं तूर पेरली. परवा निंदताना मला म्हणाली, "तू त्या खुर्चीचं पाय, मी तूर पायतो." मी तिला शब्द दिला आहे. तुम्हीही आपापल्या घरी एकेक शब्द देऊन जा.

जोहार!